काळ्या तेलाच्या एकोणीस बाटल्या

१

कपाटाचं दार उघडलं आणि लॅबताईचा चेहरा असा उतरला, की नाकवाल्या बाईंना आधी तिला धरून खुर्चीत बसवावं लागलं. बाटल्यांकडे त्यांनी त्यानंतरच बघितलं.

मधल्या फळीवर बाटल्या एकोणीस होत्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि लॅबताईची सही. अक्षर तिचं, शाई तिची, फक्त आतलं तेल तिचं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी तिने कपाट बंद केलं तेव्हा बाटल्यांत चहाच्या चोथ्यासारखं काळपट, फेसाळ तेल होतं. आज सोमवारी सकाळी त्याच बाटल्यांतून खिडकीबाहेरचं झाड दिसत होतं.

ही फॅक्टरी बटाट्याच्या चिप्सची. मोठ्या हॉलमध्ये खोलीएवढा लांब फ्रायर, म्हणजे आडवी पडलेली कढईच म्हणा ना. एका टोकाने कच्च्या चकत्या आत जातात, दुसऱ्या टोकाने तळून बाहेर पडतात. तेल तळून तळून म्हातारं होतं. त्या म्हातारपणाचा आकडा काढता येतो, आणि तो पंचवीस टक्क्यांच्या वर गेला की ते तेल टाकून द्यायचं, असा कायदा आहे. इथे रोज फ्रायरमधलं थोडं तेल एका बाटलीत काढून तीन महिने कपाटात ठेवायची पद्धत होती. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला.

लॅबताईने गुरुवारी अन्न तपासणी कार्यालयाला पत्र लिहिलं होतं. उद्या एकोणिसावा दिवस, तेल बदललेलं नाही, आकडा चौतिसावर गेला आहे, मी रोज मॅनेजरना लेखी कळवते आणि रोजचा कागद गायब होतो. पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं: माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाटल्या बघा.

म्हणून नाकवाल्या बाई बाटल्या बघायला आल्या होत्या. तीस वर्षं त्या निरीक्षक होत्या. नुसत्या वासावरून तेल किती दिवसांचं आहे ते सांगत, म्हणून हे नाव. आणि नशीब असं, की आठवडाभर सर्दीने त्यांचं नाक गच्च चोंदलेलं होतं. तेलाचा सोडा, स्वतःच्या खिशातल्या रुमालाचासुद्धा वास येत नव्हता. त्यांनी पेटीतलं छोटं यंत्र काढलं आणि एकेक बाटली तपासली. सहा. सहा. सहा. एकोणीसच्या एकोणीस बाटल्यांचा आकडा सहा.

मॅनेजर मागे उभा होता. खोली ऊबदार राहावी म्हणून त्याने रविवारपासूनच बाईंसाठी हीटर लावून ठेवला होता, चहाही सांगितला होता. तो अगदी हळहळून म्हणाला की बिचारीला बढती मिळाली नाही ना, मनाला फार लावून घेतलं तिने. मग त्याने आवाज आणखी मऊ केला.

"कंपनीची बदनामी झाली आहे, बाई. आम्हाला खोट्या तक्रारीचा खटला भरावा लागेल. माझा नाइलाज आहे."

लॅबताई चष्मा काढून नुसती पुसत राहिली.

२

आता एक गोष्ट बाईंना तिथेच कळली होती. तळणाचं तेल रोज थोडं थोडं म्हातारं होतं, तेव्हा एकोणीस दिवसांचा आकडा एकच कसा? मॅनेजरचं उत्तर तयार होतं: आम्ही रोज ताजं तेल भरतो. पाकिटावर हिरवं पान छापलंय ते काय उगीच? जंगल राखून काढलेलं तेल, आणि वापरून झालेलं तेल बसच्या इंधनाला देतो, त्याचं मानचिन्ह खाली भिंतीवर आहे, बघितलंत ना?

बाईंनी बघितलं होतं. त्यांनी तीस वर्षांत अशी पुष्कळ मानचिन्हं बघितली होती आणि त्याखाली बसून पुष्कळ अहवाल लिहिले होते. ते अहवाल कुठल्या कपाटात जातात हेही त्यांना ठाऊक होतं. विष खाल्लं तर माणूस त्याच दिवशी मरतो आणि पोलीस येतात. जुन्या तेलाने माणसाचं काळीज पंधरा-वीस वर्षांनी बंद पडतं, आणि तेव्हा त्याच्या हातात चिप्सचं पाकीट नसतं. त्यामुळे या गुन्ह्यात कधी कुणी सापडत नाही. ही पाकिटं शाळांच्या दुकानांत जात होती, हे आठवलं की बाईंचं डोकं फिरे, आणि डोकं फिरून काही होत नाही हे आठवलं की त्या गप्प बसत.

त्यांनी कपाटाला आपलं सील लावलं आणि गेटवरची वही मागवली. शनिवारी कुणीच आलं नव्हतं, फॅक्टरी बंद होती. लॅबताई शुक्रवारी संध्याकाळी गेली ती थेट आज उगवली होती. रविवारी चौघं आत आले: मॅनेजर, स्टोअरवाला, एक टँकरवाला आणि फ्रायरवरचे मामा. कपाटाला कुलूप होतं म्हणाल, तर होतं. त्याची किल्ली शेजारच्या खिळ्याला लटकत असे आणि ती तिथे असते हे गेटवरच्या कुत्र्यालाही माहीत असावं.

बाईंनी चौघांना एकेक करून बोलावलं. स्टोअरवाला हा भिऊन जगणारा माणूस. त्याने न विचारता शपथा घेतल्या. सूर्यफूल तेलाचे थोडे डबे महागड्या पाकिटांसाठी असतात, ते सगळे जागच्या जागी सीलबंद आहेत, हवं तर येऊन बघा. बाई गेल्या, बघितलं, खरं होतं. रविवारी तो दिवसभर टँकरपाशी उभा होता, कारण टँकर चुकून सुट्टीच्या दिवशी आला होता आणि बॉयलर बंद.

टँकरवाला मात्र रंगेल गडी. लांबच्या तेलगिरणीवरून तेल आणायचा. त्याने मनमोकळं सांगून टाकलं, की महिन्याभरात हा पहिलाच टँकर. आधी आठवड्याला एक यायचा. वापरलेल्या तेलाची पिंपं गेटपाशी रिकामी वाळत पडली आहेत, त्यांत कोळ्यांनी जाळी केली आहेत. "हिरवं पान छापायला काय लागतं, बाई? थोडी हिरवी शाई. जिथून हे तेल निघतं तिथलं जंगल मी येता-जाता बघतो. दर खेपेला रस्त्यापासून जरा लांब गेलेलं असतं." मॅनेजर रविवारी येऊन त्याच्यावर अर्धा तास ओरडला होता, बॉयलर बंद असताना आलास कशाला म्हणून, आणि निघून गेला होता.

शेवटी मामा आले. साठीच्या जवळचा, वाळलेला, हातांवर तेलाच्या शिंतोड्यांचे पांढरे डाग असलेला माणूस. फॅक्टरीत सगळेच त्यांना मामा म्हणत, पण लॅबताईचे ते सख्खे मामा. बहीण गेल्यावर भाचीला त्यांनी घरी आणलं, फ्रायरच्या पगारावर शिकवलं आणि याच फॅक्टरीत चिकटवलं. रविवारी आपण फ्रायरच्या आत होतो, असं ते म्हणाले. वर्षातून एकदा फ्रायर रिकामा करून, त्याच्याच आचेवर कॉस्टिक सोड्याचं पाणी उकळून, ते सोडून दिल्यावर आतून घासावा लागतो. माणूस आत उतरतो तो संध्याकाळीच वर येतो. टँकर आल्याचंही त्यांना आज सकाळी कळलं.

"जुनं तेल किती दिवस चालवलंत, मामा?" बाईंनी विचारलं.

मामांनी छताकडे बघितलं. "मला सांगतात बदला, तेव्हा मी बदलतो," ते म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "बाटल्या चांगल्या निघाल्या ना? मग आता पोरीला काही होणार नाही ना?"

बाईंना तो प्रश्न विचित्र वाटला. बाटल्या चांगल्या निघाल्या म्हणूनच तर पोरगी बुडत होती. या माणसाला ते कळलं नव्हतं, की कळून तो सोंग करत होता?

३

मंगळवारी बाई मुद्दाम लवकर आल्या. मॅनेजर यायचा होता, चहा यायचा होता आणि हीटरही अजून कुणी लावला नव्हता. लॅबमध्ये अशी थंडी, की पेन धरवेना. त्यांनी आपलं सील तपासलं, शाबूत होतं. कपाट उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

वरच्या आणि खालच्या फळीवर आधीच्या दोन महिन्यांच्या बाटल्या होत्या. त्या सगळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. तेल थिजून तुपासारखं झालं होतं, बाटली उलटी केली तरी हलेना. आणि मधल्या फळीवरच्या एकोणीस बाटल्या तशाच्या तशा, स्वच्छ, पातळ.

काल हीटरच्या उबेत सगळ्याच पातळ होत्या, म्हणून लक्षात आलं नव्हतं. मॅनेजरच्या पाहुणचाराने त्यालाच एक दिवस वाचवलं म्हणायचं. या फॅक्टरीत पाम तेल वापरतात, तेच ते टँकरमधलं. थंडीत ते गोठतं, नवं असो की जुनं. सूर्यफुलाचं गोठत नाही. तेव्हा या एकोणीस बाटल्यांतलं तेल या फ्रायरमध्ये कधी गेलेलंच नव्हतं. बाईंना इतकं बरं वाटलं, की चोंदलेल्या नाकातून त्यांनी एक लांब श्वास घ्यायचा प्रयत्न केला.

मग त्यांनी दोन्ही प्रकारच्या बाटल्या खिडकीपाशी नेऊन शेजारी शेजारी धरल्या. जुन्या बाटल्यांच्या गळ्याशी तपकिरी चिकट कडं होतं. तळणाचं तेल काचेला असं धरतं, की साबणाने घासून हात दुखले तरी निघत नाही. या एकोणीसांचे गळे लख्ख होते आणि चिठ्ठ्यांची खालची कड पांढरी पडून सोलवटली होती. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. असं कडं फक्त एका वस्तूने निघतं, आणि ती वस्तू रविवारी फॅक्टरीत उकळत होती.

एवढ्यात लॅबताई आली. बाईंनी तिला जवळ बोलावून बाटल्या दाखवल्या. तिला समजावून सांगायची गरजच नव्हती, तिचा तो विषयच होता. तिचा चेहरा आधी उजळला. काल रात्रभर तिला आपलंच डोकं फिरलंय की काय असं वाटत होतं, म्हणाली. मग बाई म्हणाल्या की हे सूर्यफुलाचं तेल आहे आणि स्टोअरमधला एकही डबा फुटलेला नाही, म्हणजे ते कुणीतरी बाहेरून आणलं.

बघता बघता लॅबताईच्या चेहऱ्यावरचं सगळं मावळलं. बाईंनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे ती बोलली.

"बाई, ही चौकशी इथेच थांबवता येईल का?"

४

चौकशी अशी थांबत नाही. बाईंनी तिला बसवलं आणि दार लावून घेतलं. ती काही सांगेना, तेव्हा बाईंनीच बोलायला सुरुवात केली, एखादं गणित मांडावं तशी.

"रविवारी चौघं होते. टँकर आला, बॉयलर बंद, म्हणून वाफ नाही आणि वाफेवाचून तेल उतरेना. का उतरेना? कारण ते टँकरमध्ये गोठलं होतं. टँकरवाल्याने झाकण उघडून दाखवलं. स्टोअरवाल्याने आत काठी खुपसून बघितलं. मॅनेजर तर तेच बघून अर्धा तास ओरडला. तिघांच्याही डोळ्यांसमोर दिवसभर तेल गोठलेलं. त्यांतल्या कुणी बाटल्या बदलल्या असत्या तर न गोठणारं तेल भरलं असतं का? त्याला लगेच कळलं असतं, की पहिल्या थंड सकाळीच आपण पकडले जाऊ."

लॅबताई खाली बघत होती.

"आता असा माणूस घे, ज्याने तेल कधी गोठलेलं बघितलंच नाही. फ्रायर रात्रीसुद्धा गार पडू देत नाहीत, खाली बारीक आच असतेच. पाइप गरम, हॉल गरम, आणि रविवारी हीटर लावलेला म्हणून लॅबही गरम, बाटल्याही पातळ. जन्मभर त्याने हे तेल फक्त पातळ आणि उकळतं बघितलं. त्याच्या घरी दुसरं तेल येतं. आणि रविवारी त्याच्या हाताशी कॉस्टिकचं पाणी होतं."

"घरी सूर्यफुलाचं येतं," लॅबताई अगदी हळू म्हणाली. "रविवारी रात्री मामी म्हणाली, महिन्याचा डबा रिकामा झाला. मामा म्हणाले, माझ्या हातून सांडला. मामी त्यांना केवढं बोलली. ते ऐकून घेत होते आणि हसत होते."

मग तिला रडू फुटलं. बाईंनी तिला रडू दिलं. पण डोक्यात एक काटा राहिलाच होता. मामांनी हे केलं, पण का? ज्या पोरीला वाढवलं तिलाच खोटं पाडायला?

फ्रायर हॉलमध्ये तेव्हा काम सुरू झालं नव्हतं. टँकरमधलं नवं तेल वाफेवर वितळवून कालच भरलं होतं आणि ते हळूहळू तापत होतं. मामा कठड्याशी उभे होते. बाईंनी त्यांना फिरवून फिरवून विचारलंच नाही. म्हणाल्या, मामा, तेल थंडीत गोठतं.

मामांना आधी कळेना. मग त्यांनी फ्रायरमधल्या तेलाकडे बघितलं, पुन्हा बाईंकडे.

"हे तेल? हे गोठतं?"

"तुपासारखं."

"एकतीस वर्षं झाली, बाई," मामा म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही."

ते कठड्यावरच बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. लपवायचं त्यांना येतच नव्हतं. शुक्रवारी मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच ते घाबरले होते. मॅनेजर म्हणाला, मामा, सोमवारी तपासणी येते आहे. बाटल्यांत काळं तेल सापडणार. आणि बाटल्यांवर सही कुणाची? तुमच्या भाचीची. एकोणीस दिवस बघून गप्प बसली म्हणून पहिली तीच आत जाईल. मला फार वाईट वाटतं हो, एवढंच म्हणून त्याने विषय संपवला आणि मग फ्रायर रविवारी घासून घ्यायला सांगितलं. बाटल्या बदला, असं तो एका शब्दानेही म्हणाला नव्हता.

तक्रार तिनेच केली आहे, हे त्याने सांगितलं नव्हतं. त्याला ते माहीत होतं का? बाईंनी मनातल्या मनात तारखा लावल्या. पत्र गुरुवारी कार्यालयात पोचलं, शुक्रवारी दुपारी मॅनेजरला तपासणीची खबर. म्हणजे त्यांच्याच कार्यालयातून कुणीतरी फोन केला होता. त्यांना त्याचं आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"तिने तुम्हाला का नाही सांगितलं?" बाईंनी विचारलं, पण उत्तर त्यांना कळलं होतं. फ्रायर मामांच्या हातात होता. तेल वाईट ठरलं तर मामा अडकतील म्हणून तिने पत्रात मामांचा उल्लेखही केला नव्हता आणि घरी चकार शब्द काढला नव्हता. एका ताटात जेवणारी दोन माणसं एकमेकांना वाचवायला निघाली होती, आणि मॅनेजरला ते दोघांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

मामा उठले. "माझं नाव लिहा, बाई," ते म्हणाले. "आत्ता लिहा. पोरगी खोटी नाही, हे तरी ठरेल."

५

बाईंनी अहवाल मॅनेजरच्या समोरच लिहायला घेतला. त्यांना त्याचा चेहरा बघायचा होता. तेल बदललं गेलं, ते तळणाचं नव्हतंच, बाटल्या कॉस्टिकने धुतल्या गेल्या, हे सगळं त्यांनी वाचून दाखवलं. चेहरा काही बदलला नाही. उलट त्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"लिहा ना, बाई. मामांनी असं करावं, धक्काच बसला मला. म्हणजे जुनं तेलही तेच परस्पर चालवत होते म्हणायचं. आमच्याकडे रोजचे कागद आहेत, सगळे वीसच्या आत. एका कामगाराने कंपनीला फसवलं, आम्ही पोलिसांत देतो. शाळांना आम्ही माफीचं पत्रही पाठवू."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी सगळीकडून विचार करून बघितला. काळं तेल कुठे होतं? गटारात, कॉस्टिकबरोबर. फ्रायरच्या कानाकोपऱ्यात चिकटलेलं असतं ते? मामांनी रविवारी आपल्या हाताने घासून काढलं होतं. रोजचे कागद? मॅनेजरने नवे केले होते. टँकर एकदाच आला? विक्री कमी झाली म्हणून, असं तो म्हणेल, आणि त्याचेही कागद निघतील. फॅक्टरीविरुद्ध एकच पुरावा होता, तो त्या एकोणीस बाटल्यांत होता, आणि तो नष्ट करणारा माणूस त्याच पुराव्यासाठी झटणाऱ्या मुलीचा मामा होता. रहस्य उलगडलं होतं आणि त्याचा उपयोग फक्त एका म्हाताऱ्याला तुरुंगात घालायला होणार होता.

दार वाजलं. लॅबताई आत आली, चष्मा डोळ्यांवर नीट बसवलेला, हातात एक कागद. तिने तो मॅनेजरला नाही, बाईंना दिला. माझी तक्रार चुकीची होती, यंत्र वाचण्यात माझी चूक झाली, मी ती मागे घेते आणि नोकरी सोडते. खाली सही.

"मी खटला भरणार नाही," मॅनेजर लगेच म्हणाला. "आपण माणसं आहोत शेवटी."

बाईंनी तिला बाहेर नेलं. हे खोटं आहे, त्या म्हणाल्या. आयुष्यभर कुठल्या लॅबमध्ये कुणी उभं करणार नाही तुला, यंत्र वाचता येत नाही असं स्वतःच्या हाताने लिहून दिलंस तू. लॅबताई शांत होती. रडून झालेलं होतं.

"आकडा चौतीस होता. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. अजून कुणाला कळून काय होणार होतं, ते सांगा ना बाई. तुम्ही तीस वर्षं लिहिताय."

बाईंना एक तरी उदाहरण द्यायचं होतं. एक फॅक्टरी, एक माणूस, एक बंद पडलेला फ्रायर. त्या आठवत राहिल्या. तेवढ्यात कार्यालयातून साहेबांचा फोन आला. तक्रार मागे घेतल्याचं त्यांना आधीच कळलं होतं. तक्रार नाही तर चौकशी नाही, आजचं तेल तपासा, चांगलं असेल तर फाइल बंद करून या. बाई म्हणाल्या की बाटल्या बदलल्या गेल्या आहेत. साहेब म्हणाले, कुणी बदलल्या ते माहीत आहे का? बाईंनी व्हरांड्यातून फ्रायर हॉलकडे बघितलं. त्यांच्या मनात तीस वर्षांची सवय ओरडत होती, सांग म्हणून. शेवटी त्या म्हणाल्या की नाही, ते माहीत नाही. नोकरीतलं त्यांचं पहिलं खोटं ते.

फ्रायरमधलं तेल त्यांनी नियमाप्रमाणे तपासलं. आकडा सात. नवंच तेल, चांगलंच असणार. त्यांनी तसं लिहून सही केली.

त्या गेटपाशी पोचल्या तेव्हा मामा मागून धावत आले. पॅकिंगच्या पुठ्ठ्यामागे त्यांनी पेनने मोठ्या अक्षरांत कबुली लिहिली होती, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, खाली नाव, पत्ता, अंगठा आणि सहीसुद्धा. अंगठा कशाला तर खात्री पटावी म्हणून. ती त्यांनी मॅनेजरला नेऊन दिली होती. मॅनेजरने विचारलं, कशाची कबुली? तक्रारच नाही आता. जा, काम सुरू करा, चकत्या काळ्या पडतील.

"तुम्ही घ्या हे," मामा म्हणाले. "पोरगी घरी निघून गेली. माझ्याशी बोलली नाही. हे कुठेतरी द्यायलाच पाहिजे ना?"

बाईंनी पुठ्ठा घेतला नाही. त्यांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं: तिने काय लिहून दिलं, का दिलं, आणि आता हे कुठेच देता येणार नाही, कारण दिलं तर तिने केलेलं सगळं वाया जाईल. मामांनी ऐकलं. मग त्यांनी पुठ्ठा चौघडी घालून शर्टाच्या आत सरकवला.

आतून भोंगा झाला. पट्टा सुरू झाला होता, कच्च्या चकत्या यायला लागल्या असणार. मामा वळले. बाईंना काहीतरी म्हणावंसं वाटलं, म्हणून त्यांनी विचारलं, हे नवं तेल किती दिवस चालवाल?

मामा थांबले. "ते सांगतील तितके," ते म्हणाले. "आकडा काढणारी एकच होती, बाई."

आणि ते आत गेले, कारण फ्रायरवर दुसरं कुणी नव्हतं.